नंदिनीच्या औषधाची मापनळी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची मापनळी आहे. अंगावर काळ्या रेघा आणि पोटात वर-खाली सरकणारा दट्ट्या, एवढाच माझा संसार. एकोणीसशे शहाऐंशी साली, तेलकट औषधाच्या तपकिरी बाटलीसोबत, मी मुंबईहून कोल्हापूरला मंगळवार पेठेतल्या एका घरी आले. मला पाण्याने धुवायचे नाही, कोरड्या फडक्यानेच पुसायचे, असा माझा थाट होता.

त्या घरातल्या नंदिनीच्या हाडांत रक्त तयार होणेच थांबले होते. म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या थोरल्या भावाच्या, नृसिंहाच्या, हाडांतला मगज काढून तिला दिला. तो रुजलाही. पण दुसऱ्याच्या शरीरात आलेला मगज कधी कधी त्या शरीरावरच उठतो. त्याला आवर घालण्यासाठी हे औषध होते. जास्त झाले तर मूत्रपिंडांना धोका, कमी झाले तर मगज बंड करणार. म्हणून डॉक्टरांनी माझ्या एका रेघेवर लाल खूण केली होती.

मला भरण्याचे काम आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, स्वतःकडे घेतले. शाहूपुरीत त्यांचे गुळाचे दुकान. ढेपेला हात लावून वजन सांगणारा माणूस! ते अगदी खुणेपर्यंत औषध ओढत आणि काचेच्या ग्लासात दुधात ढवळून देत. नंदिनी तोंड वाकडे करी, पण थेंबही ठेवत नसे. त्या दिवसांत मी मोठ्या तोऱ्यात होते.

पुढे नंदिनीचे तळहात लाल झाले. तळपायांची आग होऊ लागली.

"उष्णता झालीया पोरीला," तात्या म्हणाले. "ह्ये औषधच उष्ण पडतंय."

घरात सब्जा भिजला, धने-जिऱ्याचे पाणी आले. नंदिनीची आई, लीला, मात्र घाबरली होती.

"मामंजी, डॉक्टरांना ट्रंक कॉल लावून विचारूया की."

"त्येंना मुंबईत बसून काय दिसतंय? निम्मं देऊया. गार पडंल."

त्या दिवशी दट्ट्या खुणेच्या निम्म्यावरच थांबला. मला वाचा असती तर मी ओरडले असते! आजोबांचे मन राखायला नंदिनी म्हणाली, "जरा बरं वाटतंय." मग निम्मे मापच चालू राहिले.

लाली अंगभर पसरली, डोळे पिवळे झाले, पोटात काही ठरेना. मुंबईला नेल्यावर डॉक्टरांनी तात्यांना मला भरून दाखवायला सांगितले. तात्यांनी निम्मे भरले. डॉक्टरांनी माझ्या लाल खुणेवर बोट ठेवले.

"आजोबा, ती उष्णता नव्हती. मगज उठल्याची खूण होती. तेव्हाच आम्हाला कळवायला हवं होतं."

डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. पण नंदिनी परत आली नाही.

पेठेत लोक बोलू लागले, "भावाचं रक्त सोसलं न्हाय तिला." ते नृसिंहाच्या काळजात घुसले. त्याने कुस्तीची तालीम सोडली. जेवताना तो खाली मान घालून बसे. निम्म्या मापाचे त्याला ठाऊकच नव्हते; सासऱ्यांच्या धाकाने लीलानेही ते सांगितले नव्हते. तात्या सगळे पाहत होते, तरी बोलत नव्हते. मला त्यांचा राग येई आणि कीवही येई.

वर्ष उलटल्यावर एका दुपारी तात्यांनी मला कपाटातून काढून नृसिंहाच्या हातात ठेवले.

"हितपातूर भरायचं हुतं. मी निम्मंच भरलं. तुझ्या रक्तात खोट नव्हती, पोरा. माझी अक्कल आडवी आली."

"तात्या, मला वाटत हुतं, मीच मारली तिला," नृसिंह म्हणाला, आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडला. तात्यांनी त्याला पोटाशी धरले.

मित्रांनो, औषधाचे माप आपल्या मनाने बदलू नका. शंका आली तर विचारा. आणि चुकलेच तर लगेच सांगून टाका. पुरे माप दिले असते तर नंदिनी वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. नृसिंहाचे ते एक वर्ष मात्र नक्की वाचले असते.