दारावर कोणाचं नाव

मी सेलूचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीवरची नावं, निवडणुकीच्या भिंती, सगळं रंगवून झालं. स्वभावानं तापट आहे, हे लपवत नाही. उन्हात मागं उभं राहून कोणी सल्ले देऊ लागलं की माझा ब्रश थांबतो आणि तोंड सुरू होतं. अशा माणसाला दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आंजीच्या पलीकडच्या एका गावानं घरोघरी नावं लिहायला बोलावलं.

सरकारचा हुकूम आला होता. राहतं घर एकट्या नवऱ्याच्या नावावर ठेवायचं नाही, नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचं. गावाची ग्रामसेविका रक्षा मॅडम मोठी हिकमती पोरगी. तिनं सभेत पटवलं की दप्तरातली नोंद कोण बघतो, दोन्ही नावं दारावर दिसली पाहिजेत. मी मनात हसलो. माझी बायको पाटीबिटी न लावताच घराची मालकीण आहे, हे अख्ख्या सेलूला माहीत आहे.

मॅडमनं एक नियम काढला होता. नवऱ्यानं उंबऱ्यात उभं राहून बायकोचं नाव मोठ्यानं सांगायचं, मगच मी लिहायचं. झालं, सकाळपासून तमाशा. एक म्हणे, पियुषची माय लिवा. नानाजी नावाचे म्हातारे तर नाव सांगायला शेजाऱ्याला बोलावून घेऊन आले, कारण बायकोचं नाव आजवर तोंडातून काढलं नव्हतं. लिहून झालं की आतून बाया बाहेर यायच्या आणि आपलं नाव कोणतं, वरचं की खालचं, असं विचारून ओल्या रंगावर बोट ठेवायच्या. मी ओरडायचो. त्या हसायच्या आणि पुन्हा बोट ठेवायच्या. दुपारपर्यंत माझं डोकं फिरलं होतं.

मग पुंडलिकराव उरकुड्यांचं घर आलं. गावातले वजनदार कास्तकार, उंच आणि अबोल. त्यांनी दाराशेजारी चुन्याचा पट्टा आधीच मारून ठेवला होता, म्हणून मी खूश झालो. त्यांनी न अडखळता सांगितलं, "प्रमिला." एवढा सरळ नवरा दिवसभरात भेटला नव्हता. मी वर त्यांचं नाव लिहिलं, खाली 'प्रमिला' काढलं, तेवढ्यात बाई बाहेर आल्या. हात पिठानं भरलेले. भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या.

"पेंटरभाऊ, हे माह्यं नाव नाई," त्या म्हणाल्या.

मला राग आला. सारं गाव त्यांना प्रमिलाबाई म्हणत होतं, मीही आल्यापासून तेच ऐकत होतो. ऊन लागलं की काय बाईला, असं वाटलं. पण पुंडलिकरावांनी मान खाली घातली, तेव्हा कळलं की गोष्ट वेगळी आहे.

प्रमिला ही त्यांची पहिली बायको. मुलगा योगेंद्र रांगत होता तेव्हाच ती तापानं गेली. वर्षाच्या आत पवनारकडून ही दुसरी आणली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची रीत. तो तर घातलाच, पण सासू आणखी पुढं गेली. लग्नात ताटभर तांदळात नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो ना, तिथं तिनं लेकाला सांगितलं की तेच नाव लिही. म्हणजे गेलेली कोपायची नाही, लेकराच्या कानावर घरात तेच नाव पडत राहील आणि रेशनकार्डही बदलावं लागणार नाही. पुंडलिकरावांनी लिहिलं. तेव्हापासून ही प्रमिला. मतदारयादीत प्रमिला, बचतगटात प्रमिला. एका घरात दोन बायका आल्या, हेच गाव विसरलं.

हे सगळं बाईंनी ओट्यावर उभं राहून, कोणाला बोल न लावता सांगितलं. गल्लीत माणसं जमली होती. रक्षा मॅडम बिचारी पेचात पडली. तिनं समजावलं की काकू, सगळे कागद प्रमिला नावाचे आहेत, तेच राहू दिलं तर आज काम होऊन जाईल. मग तिचं तिलाच सुचलं. प्रमिला वारल्याची नोंदही त्याच दप्तरात होती. उद्या कोणी म्हटलं की घर मेलेल्या बाईचं आहे, तू कोण, तर ही काय दाखवणार? नाव बदलायचं तर नवऱ्यानं चारचौघांत सांगावं लागेल की ही माझी बायको आणि हे तिचं खरं नाव. नाहीतर घर आहे तसं एकट्याच्या नावावर राहील, असं ती म्हणाली.

"काम होऊन जाईन, मॅडम," बाई म्हणाल्या. "पण सरकारनं घर जित्या बायकोच्या नावानं करा म्हटलं न? मंग मेलेलीच्या काऊन करता?"

तेवढ्यात आतून योगेंद्र आला. तिशी ओलांडलेला गडी, सेलूला बियाण्याचं दुकान, माझ्या ओळखीचा. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"माह्या मायचं नाव पुसाले लावून राह्यली तू?" तो म्हणाला. "नावाबिगर तिचं या घरात राह्यलं तरी काय?"

मला वाटलं, आता बाई रडणार. यांनीच त्याला खांद्यावर खेळवला, न्हाऊ-माखू घातलं, आणि आज त्याच्याच तोंडून हे ऐकायचं. पण त्या रडल्या नाहीत. पदर बाजूला करून त्यांनी गळ्यातला काळा दोरा वर ओढला. झिजून गुळगुळीत झालेला चांदीचा टाक तळहातावर धरला.

"हे पाह्य बाबू. तीस वर्सं तुह्या मायले मी गळ्यात वागवलं. आंघोळीलेबी काढलं नाई. मरेलोक वागवीन. पण दारावर मले राहू दे."

पुढाऱ्यांच्या कितीतरी सभांचे मंच मी रंगवले, भाषणं ऐकून कान किटले. पण असं बोलणं मी ऐकलं नव्हतं. मॅडमच्या हातात हुकमाचा तो कागद होता. सकाळी मी ज्याला हसलो होतो तोच. मुंबईत कोणा साहेबानं पंख्याखाली बसून दोन रुक्ष ओळी लिहिल्या असतील. त्याला काय ठाऊक, की त्या ओळींना धरून इथं एक बाई आपल्याच आयुष्याच्या दारात उभी राहील आणि म्हणेल, मी आहे. मला त्या कागदाला हात जोडावेसे वाटले. खरंच वाटले.

सगळे पुंडलिकरावांकडं बघत होते. बोलायचं म्हणजे स्वतःच्या गेलेल्या आईचा शब्द गावासमोर खाली पाडायचा. मला भीती वाटत होती की हा माणूस आता नुसता खाकरेल आणि आत निघून जाईल. मोठे लोक असेच सुटतात.

ते ओट्यावरून खाली उतरले. लोकांच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"हे माही बायको," ते म्हणाले. "नाव मनकर्णा. मनकर्णा पुंडलिक उरकुडे. मायबापानं ठेवलेलं नाव हाय. मोडलं ते म्या."

मॅडमनं दोघा जणांना साक्षीला घेतलं. मी रॉकेलचं फडकं उचललं, तर योगेंद्रनं हात पुढं केला. मी फडकं दिलं. त्यानं आपल्या आईचं नाव स्वतः पुसलं, सावकाश, एकेक अक्षर. मग फडकं घेऊन तसाच बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बाईंनी पिठाचाच हात त्याच्या पाठीवर ठेवला.

मी लिहायला घेतलं. देवळावर देवांची नावं लिहिताना माझं अक्षर कधी बिघडलं नाही, त्या दिवशी पहिलाच म मोडका आला. तो मी सुधारला, आणि पूर्ण नाव होईस्तोवर मागून एकही सल्ला आला नाही. माणसं हळूहळू पांगली, मॅडमही पुढच्या घरी गेली. बाई मात्र भिंतीकडं बघत तिथंच उभ्या होत्या.

पुंडलिकराव आत गेले होते. आतून त्यांचा आवाज आला, "मनकर्णा, पेंटरभाऊले पाणी दे."

बाई हलल्या नाहीत. मला वाटलं, रुसल्या असतील. रुसायचा हक्कच होता. पुन्हा हाक आली, जरा मोठ्यानं. तरीही त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "बाई, तुम्हाला बोलावतात."

त्या दचकल्या. आधी माझ्याकडं, मग दाराकडं बघितलं.

"मले?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. तिसऱ्या हाकेला त्यांनी ओ दिली.