सापळ्याला लागलेलं कुंकू

मी एक जुना सापळा आहे. उंदरांचा नव्हे, मित्रांनो! बंगळूरच्या ज्या प्रयोगशाळेत माझा जन्म झाला, तिथल्या कँटीनवाल्यालाही आधी तसंच वाटलं होतं. मी अणू धरतो. मधे एक पोलादी कडं, वर-खाली दोन टोप्या, एवढाच माझा लिंबाएवढा देह. विद्युतभार असलेला अणू आत आला, की विजेच्या जोरावर मी त्याला अधांतरी तोलून धरतो. शिवत मात्र नाही. त्यासाठी माझ्याभोवतीच्या भांड्यातली हवा पंपाने पार उपसावी लागते. आत बोटाचा तेलकट ठसा राहिला, तरी त्याची वाफ सुटत राहते आणि खेळ खलास.

मला लेथवर घडवलं भीमसेनअण्णांनी आणि कामाला लावलं नीलिमाने. ती पुण्याहून पीएचडीला आलेली, आणि तिचा सगळा प्रबंध माझ्यावर टांगलेला. तिचे मार्गदर्शक श्रीधरराव इथल्याच बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातले. अंधश्रद्धेवर भाषण द्यायला कधीही तयार. श्रोता लिफ्टमध्ये सापडला तरी चालायचा.

त्या वर्षी कोलकात्याहून बेरियमचा एक दुर्मीळ किरणोत्सारी नमुना यायचा होता. मुद्दाम बनवून घेतलेला, आणि दर अकरा-बारा दिवसांनी निम्मा होणारा. पुन्हा मिळायला वर्ष लागलं असतं, आणि नीलिमाची मुदत तर डिसेंबरात संपत होती.

नेमकी आयुधपूजा आली, म्हणजे आपली खंडेनवमी. बंगळुरात त्या दिवशी रिक्षापासून टाइपरायटरपर्यंत कुणी कुंकवावाचून राहत नाही.

"भांड्याला बाहेरून काय ते लावा, अण्णा. आत बोट नाही!" नीलिमाने बजावलं.

"सरी, अक्का." 'बरं, ताई' असं कानडीत म्हणून भीमसेनअण्णांनी भांड्याला गंध लावलं, माळ घातली, दाराबाहेर कोहळा फोडला.

"यंत्राला कुंकू! उद्या व्होल्टमीटरला बाशिंग बांधाल," श्रीधरराव म्हणाले आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद दोनदा घेतला.

सगळे जेवायला पांगले. तेवढ्यात एक बोट हळूच आत आलं आणि माझ्या खालच्या टोपीवर गार ठिपका उमटला. बोट कुणाचं ते मला कळलं. पण सापळ्याला धरता येतं, बोलता येत नाही.

भांडं बंद झालं, नमुना आला. पंप घरघरत राहिला. आतला दाब काही उतरेना. नीलिमाने बोल्ट आवळून पाहिले, गळती शोधली. तोवर नमुना शिशाच्या डब्यात बसल्या बसल्या अर्धा झाला. शेवटी तिचा तोल गेला.

"अण्णा, खरं सांगा, आत बोट घातलंत ना?"

"देवाशप्पथ नाही, अक्का! मीच घडवलेल्याचं मीच वाटोळं करीन?"

"मग उद्यापासून या खोलीत येऊ नका."

अण्णांनी हातातला पाना टेबलावर ठेवला. माझ्या जन्मदात्यालाच दार बंद!

"अगं, आधी उघडून तर बघ," श्रीधरराव घाईने म्हणाले. "वर काही नाही, खालच्या टोपीवर बघ."

नीलिमाने भांड्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

"सर," नीलिमा सावकाश म्हणाली, "भांडं अजून बंद आहे. तुम्हाला कसं ठाऊक?"

श्रीधररावांनी चष्मा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. "स्वल्पच लावलं होतं गं. तुझी एवढी मेहनत... म्हटलं, असू दे."

"सर, बाशिंग तुमच्यासाठीच आणू का?" भीमसेनअण्णांनी विचारलं.

नीलिमाला हसू आवरेना, आणि त्यातच तिचे डोळे भरले. "चुकलं माझं, अण्णा," ती म्हणाली. अण्णांनी पाना उचलला आणि पहिला बोल्ट सैल केला.

मला घासूनपुसून, अ‍ॅसिटोनने न्हाऊ घालून पुन्हा बसवलं. या खेपेला दाब भराभर उतरला. उरलेल्या नमुन्यातले मोजके अणू मी झेलले, आणि पडद्यावरच्या रेषेत एक छोटा खळगा पडला. "आहेत! सर, आहेत!" नीलिमा ओरडली. सर दोन्ही हात खिशात घालून उभे होते. तसा तिचा हुकूमच होता.

आता माझ्या जागी परदेशी सापळा बसलाय आणि मी काचेच्या कपाटात. दर आयुधपूजेला माळ त्याच्या भांड्याला पडते. मित्रांनो, ज्याला जपायचं, त्याच्या कामात बोट घालू नका; मी अणूंनासुद्धा न शिवता जपलं. पण ज्याचं काम संपलं, त्याला एवढं सोवळं नको. माझ्याभोवती आता हवाच हवा आहे, आणि कपाटाला कुलूपही नाही. यंदा कुणाचं कुंकवाचं बोट इकडे वळलंच, तर टोपी वरची असो की खालची, माझी काही हरकत नाही.