साधं की पॉवर

"ऐकलंस? ठोकतंय. इंजिन ठोकतंय बघ!"

गायमुख घाटाच्या चढावर स्टिअरिंगवरच्या तानाजीरावांनी बोट वर करून गाडीतल्या सगळ्यांना गप्प केलं. सगळ्या म्हणजे दोघीच. शेजारी लेक रुचिता, गाडीची मालकीण. आणि मागे बायको विमलाबाई, वसईच्या बहिणीसाठी केलेल्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन.

"सतरांदा सांगितलं, टर्बो गाडीला साधं पेट्रोल चालत नाय. तिला ते महागडं पॉवरच पायजे. पण माझं ऐकतंय कोण?"

तानाजीराव जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या कानाची डेपोत ख्याती होती. बस फाटकातून आत येताना नुसत्या आवाजावरून ते तिचं दुखणं ओळखत, आणि मेकॅनिक आधी त्यांना विचारून मगच पाना उचलत. लेकीने स्वतःच्या पगारातून गाडी घेतली तेव्हा त्यांनी ती आपल्या सगळ्या कोपरी भागात अशी मिरवली, की जणू विमानच दारात उतरलंय. अशा गाडीला साधं पेट्रोल? जावयाला कुणी नुसता वरणभात वाढतं का, असा त्यांचा सवाल होता.

"पप्पा," रुचिता म्हणाली, "टाकीत पॉवरच आहे."

"काय?"

"काल थोडं भरलेलं मी, तुमच्या समाधानासाठी. त्याने काही बिघडत नाही, पण हे इंजिन साध्यावर चालेल असंच बनवलंय. सांगून थकले मी."

"मग ठोकतंय कशाला?"

रुचिता घुटमळली. ज्या बापाने स्टिअरिंग हातात दिलं, त्यालाच कसं सांगायचं? "तुम्ही पाचव्या गिअरमध्येच चढवताय, बससारखं. डिझेल इंजिन कमी वेगातही ओढतं हो, हिला नाही जमत. तिसऱ्यात टाका ना."

तानाजीरावांचा चेहरा लाल झाला. आता ही आपल्याला गिअर शिकवणार!

"अहो, टाकून तर बघा," मागून विमलाबाई म्हणाल्या. "हात काय झिजणारे का तुमचा?"

त्यांनी रागारागाने तिसरा टाकला. ठोकणं थांबलं. गाडी हलकी होऊन सरसर चढू लागली. त्यांचा विश्वास बसेना. पुढे त्यांनी मुद्दाम पुन्हा पाचवा टाकून पाहिला. पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यात पुन्हा गप्प. बायकोला गप्प करता येतं, लेकीला दटावता येतं, पण स्वतःच्या कानाला ते काय सांगणार?

घाट संपेपर्यंत त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग हळूहळू ऊर भरून येऊ लागला. आवाज त्यांनी ऐकला होता, पण त्याचं मूळ पोरीने शोधलं होतं. एवढा तिखट कान तिला दुसऱ्या कुणाकडून मिळणार?

उताराच्या पुढे पंप लागला. पंपावरचा माणूस काचेशी वाकला. "काका, टर्बो आहे ना? पॉवर टाकतो."

"साधं टाक," तानाजीराव म्हणाले. "मालकिणीची ऑर्डर आहे."

पेट्रोल भरून झाल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि ते खाली उतरले. डेपोत पाळी बदलताना जुना ड्रायव्हर नव्याला गाडीची तब्येत सांगून मगच तिथून हलतो. तसे ते रुचिताच्या दारापाशी जाऊन ताठ उभे राहिले आणि किल्ली पुढे धरली.

"गाडी ओके आहे, मॅडम. फॉल्ट ड्रायव्हरमध्ये होता."

रुचिताला हसू आलं आणि डोळेही भरले. "काहीतरीच काय, पप्पा! आणि आता?"

"आता ड्रायव्हर बदललाय."

तिच्या रिकाम्या झालेल्या सीटवर ते बसले, पट्टा लावला आणि काच खाली केली. स्टिअरिंगवरची लेक शेजारच्या रिक्षावाल्याने पाहावी म्हणून.