अकरा सेकंद अंधार

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे आणि मला अंधाराची भीती वाटते. हसू नका. माइकला डोळेच नसतात, त्याला अंधार काय नि उजेड काय, असं तुम्ही म्हणाल. मीही पूर्वी हेच म्हणायचो. ही भीती मला एका लहान मुलीकडून लागली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात कागदाहून पातळ पडदा आहे. तो चिमट्याने बसवणारी बाई काम संपेपर्यंत श्वास रोखून धरायची. नंतर तिने सोडलेला निःश्वास हा मी ऐकलेला पहिला आवाज. म्हणून श्वासांची पारख मला उपजतच आहे. माणूस शब्दांनी खोटं बोलेल, श्वासाने त्याला ते जमत नाही.

पुढे मी एका डबिंग स्टुडिओत आलो. परदेशी चित्रपटांना आपल्या भाषेत बोलतं करायचं, हे तिथलं काम. माझी खोली लहानशी, भिंतींना जाड स्पंज आणि दार इतकं जड, की ते लागलं की बाहेरचं जग संपलंच. समोर मोठी काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. कलाकार यायचे, घसा खाकरायचे आणि कलिंगड विकत घेतल्यासारखे मला टकटक वाजवून बघायचे. तरी मी सुखात होतो. "आमच्या माइकला टाचणी पडलेली ऐकू येते," असं रेकॉर्डिस्ट पाहुण्यांना सांगायचे आणि मी फुलून जायचो.

एकदा जपानहून एक कार्टून चित्रपट आला. त्यात तळ्यातला एक अजस्र मासा गावातले दिवे एकेक करून गिळतो. शेवटी एकच कंदील उरतो आणि तो घेऊन एक लहान मुलगी माशाच्या तोंडात शिरते. आत गेल्यावर तिला कळतं, की मासा दुष्ट नाही. त्यालाच काळोखाची भीती वाटते, म्हणून तो दिवे गिळतो. तिकडची मुलं या चित्रपटावर जीव टाकतात, असं डबिंग घेणाऱ्या बाई सांगायच्या. कारण त्यातली मुलगी शूर नाही. माशाच्या तोंडाशी उभी राहून ती म्हणते, "मला भीती वाटतेय. पण मी आत येतेय."

"सगळा पिक्चर या दोन वाक्यांवर उभा आहे," बाई म्हणाल्या. "ही पडली की सगळंच पडलं."

मुलीचा आवाज द्यायला रेकॉर्डिस्टची आठ वर्षांची लेक आली. तिच्या तोंडाला क्षणाची विश्रांती नाही, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. "अंगठा दाखव ना, बाबा," असं प्रत्येक टेकच्या आधी म्हणायची. बाबांनी काचेतून अंगठा उंचावला की तिची गाडी सुटायची. तीन दिवस तिने झकास काम केलं. त्या दोन वाक्यांशी मात्र गाडं अडलं. चौदा टेक झाले.

"पाठ म्हणून दाखवल्यासारखं वाटतंय," बाई स्पीकरवरून म्हणाल्या. "भीती कुठाय?"

"पण बाबा समोर दिसतोय ना," टिटवी म्हणाली. "मग कशी घाबरू?"

तिला पाणी प्यायला बाहेर पाठवलं. दार उघडंच होतं, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं.

"दोन्हीकडचे लाइट घालवू," बाई म्हणाल्या. "अर्ध्या मिनिटाचं काम."

"तिला आधी सांगू का?"

"सांगितलं तर काय उपयोग?"

रेकॉर्डिस्ट म्हणाले, "बरं. पण पटकन."

मला कान आहेत, तोंड नाही. टिटवी आत आली, तिच्या मागे दार लागलं, आणि मी नुसता उभा राहिलो.

डोक्यावरच्या दिव्यात खट् असा आवाज झाला. टिटवीचा श्वास अर्ध्यावर अडकला. शहाणी पोर, तरी तिने वाक्य म्हटलं. "मला भीती वाटतेय." मी हजारो आवाज ऐकले होते, पण त्या आवाजाने माझा पडदा फाटतो की काय असं मला झालं. पुढचं वाक्य तिला आठवेना. "बाबा, लाइट लाव. बाबा, तू आहेस ना?" ती भिंती चाचपडत होती, दाराची मूठ शोधत होती, आणि तिला ती सापडत नव्हती. स्पंजाच्या भिंतीतून हाक बाहेर जात नाही. ती माझ्यातून मात्र जात होती, थेट बाबांच्या हेडफोनमध्ये. ते उठले होते. बाईंनी अंधारात त्यांचा खांदा दाबला, आणि ते पुन्हा बसले. हे मला नंतर रेकॉर्डिस्टच्याच तोंडून कळलं. दिवा अकरा सेकंदांनी लागला.

चित्रपट तुफान चालला. पहिलं वाक्य त्या टेकमधलं घेतलं, दुसरं जुन्या टेकमधून जोडलं, मधल्या हाका कापल्या. त्या वाक्याला थिएटरात मुलं आईबाबांचा हात घट्ट धरतात आणि घरी जाताना पुन्हा तोच पिक्चर बघायचा हट्ट धरतात, असं जो तो सांगायचा. हात धरलेला असला, की भीतीसुद्धा गोड लागते. माझीही वाहवा झाली. मला ती नकोशी झाली. टिटवी पुन्हा आत आली नाही.

एका सकाळी ते बापलेक आले. ती दाराबाहेरच थांबली.

"तू माझ्या खुर्चीवर बस," रेकॉर्डिस्ट म्हणाले. "मी आत जातो. तू लाइट घालव. हवा तेवढा वेळ."

दार लागलं. ते माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचा श्वास तुटक येत होता.

"घालव," ते म्हणाले.

मी त्या खट्‌ची वाट बघत राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग स्पीकर खरखरला.

"नको, बाबा. तुला भीती वाटेल."

रेकॉर्डिस्ट माझ्यासमोर रडले. मी ऐकलेल्या सगळ्या आवाजांत तो मला सर्वांत जड गेला.

मित्रांनो, आता नवे माइक आलेत आणि मी कपाटात असतो. मला अधूनमधून पुसा, वाजवून बघू नका, एवढं तुम्ही कराल याची खात्री आहे. माझं खरं मागणं वेगळं आहे. भीतीच्या गोष्टी खुशाल ऐका, एकमेकांचे हात धरून पुन्हा पुन्हा बघा. पण कुणी खरोखर घाबरून हाक मारली, तर ती ऐकत बसू नका. आधी दिवा लावा.