हिरवी खूण आणि निळी बादली

मित्रांनो, हे सांगायचंच नाही असं मी ठरवलं होतं. स्वतःची चूक चारचौघांत कोण सांगतो? पण गप्प बसणंही जमेना.

मी शाळेतला पोहायचा चष्मा. आता जुना झालोय, पट्टा सैल पडलाय. माझ्या काचेतून समोरचं पाणी दिसतंच, त्यावर माझी चित्रंही दिसतात: हात कुठून फिरवायचा, पाय किती हलवायचे. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. हालचाल जमली की मी हिरवी खूण दाखवतो.

मी आलो आणि निळी बादली अडगळीत गेली. आधी पोहायच्या बाई मुलांना त्या बादलीत तोंड बुडवून बुडबुडे काढायला लावायच्या. माझ्यापुढे ते सगळ्यांना पोरकट वाटायला लागलं. मी तर फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

एक मुलगी होती. पाण्याला घाबरायची म्हणून सगळे तिला मनी म्हणायचे. हॉलमधल्या बाकावर पालथी पडून तिने महिनाभर माझ्याबरोबर हात मारले. शेवटी एकही चूक नाही.

"मने, आता मासोळी म्हणायचं का तुला?" बाई म्हणाल्या.

मग तलाव. तिसऱ्या हाताला ती बुडायला लागली. श्वास कोंडून धरला होता तिने. तो पाण्यात सोडायचा असतो, हे मी कधी शिकवलंच नव्हतं. हात मात्र बरोबर फिरत होते. तिच्या नाकातोंडात पाणी जात होतं आणि मी तिच्या डोळ्यांसमोर हिरवी खूण धरून होतो.

बाईंनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली.

खोकून खोकून दम परत आल्यावर मनी म्हणाली, "पण बाई, चष्मा तर बरोबर म्हणत होता."

"त्याला हात दिसतात गं. तुझा श्वास नाही दिसत." बाई म्हणाल्या. "चूक माझी. बादली मीच ठेवून दिली."

त्या दिवसापासून मीही अडगळीत, बादलीच्या शेजारी. तिने उलट मला जागा करून दिली. तेच जास्त लागलं.

आज दार उघडलं. मनीच होती. दोन महिने ती पाण्याकडे फिरकली नव्हती. तिने आधी बादली उचलली, मग मला.

"बाई, आधी ही. मग तो."

आता ती हॉलमध्ये बादलीत तोंड बुडवून बसलीये. बुडबुडे येतायत. मी बाकावरून बघतोय. मित्रांनो, माझ्यासारख्यांना जरूर वापरा, काच पुसून ठेवा. पण आम्हाला काय दिसत नाही, तेही एकदा मोठ्यांना विचारा.

आणि बादली, तुला शब्द देतो. तुझं काम होईपर्यंत मी माझी काच अंधारीच ठेवीन.