दादाने हात लावला की चालणारा स्विच

मित्रांनो, पावसात गाडीच्या काचेवरून फिरणारे वायपर तुम्ही पाहिले असतील. त्यांना फिरवणारा मी मात्र तुमच्या लक्षातही आलो नसेन. स्टिअरिंगच्या बाजूला जो काळा, आडवा दांडा असतो, तो मी. वायपरचा स्विच. माझ्यावरची पांढरी चित्रं आता पुसून गेली आहेत आणि दांडा बोटांनी घासून गुळगुळीत झाला आहे.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याच्या पातळ पट्ट्या, एक स्प्रिंग आणि थोडं ग्रीस भरलं गेलं. तपासणाऱ्या बाईंनी मला वरखाली केलं, टक् असा आवाज ऐकला आणि मान हलवली. मग मी एका निळ्या गाडीत जाऊन बसलो.

ती गाडी चित्रकलेच्या एका शिक्षकांनी घेतली. त्यांना दोन मुलं, दादा आणि धाकटी. गाड्यांमधलं सगळं दादाला कळतं, असं घरात सगळे मानायचे. दादा तर जरा जास्तच. पण गाडी चालवण्याची खरी आवड होती धाकटीला. वडील शेजारी बसून तिला शिकवायचे. "पाऊस आला की आधी वायपर लावायचा. घाबरायचं ते नंतर," असं ते म्हणायचे, आणि ती हसत मला खाली ओढायची. माझे चांगले दिवस म्हणाल तर ते.

वडील गेले. दादाने तोवर स्वतःची नवी गाडी घेतली होती, म्हणून ही धाकटीकडे आली. तिला ती लागायचीच. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन ती त्यांच्याकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायची. गावाबाहेर, आडवळणाला, कुठेकुठे जायची. पावसाळाभर तिच्याबरोबर मी राबलो.

वय झालं तसं माझ्या पोटातलं ग्रीस वाळलं, पट्ट्या काळवंडल्या. दुखणं मोठं विचित्र होतं. थंड असताना मी ठणठणीत. पण वायपर बराच वेळ चालले की मी आतून तापायचो, एक पट्टी सुटायची आणि वायपर काचेच्या मध्येच उभे राहायचे. थोडा वेळ गेला, गार झालो, की पुन्हा सगळं नीट.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा धाकटीने गाडी कडेला घेतली, पाऊस ओसरेपर्यंत थांबली आणि घरी जाऊन दादाला सांगितलं. तो लगेच खाली आला. गाडी गार, आकाश कोरडं. त्याने मला ओढलं. वायपर मुकाट्याने फिरायला लागले.

"बघ, चालतोय की."

"दादा, आता चालतोय. लांब गेलं की बंद पडतो."

"तुझा हात जड आहे. जरा अलगद वापर."

"दुकानात दाखवून आणू का?"

"काही नको. ते लोक चांगला भागही बदलून ठेवतात. मी बघितलंय ना?"

पुन्हा तसंच झालं. पुन्हा दादा खाली आला, पुन्हा मी चाललो. तिसऱ्यांदा तिने सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला, "आमच्या बाईसाहेबांची गाडी फक्त त्यांच्यासमोरच चक्कर येऊन पडते." ताटावर बसलेले सगळे हसले. धाकटीही हसली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

मग तो दिवस आला. आईचे डोळे तपासून दोघी परतत होत्या. भर दुपारी पावसाने झोडपायला सुरुवात केली. रस्ता लांबचा. मी तापत गेलो आणि समोरून येणाऱ्या ट्रकने काचेवर चिखल उडवला, नेमकी तेव्हाच माझी पट्टी सुटली.

"आई, घट्ट धर. मला काही दिसत नाहीये," धाकटी म्हणाली. आवाज शांत होता. तिने वेग कमी केला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अंदाजाने गाडी कडेला घ्यायला लागली. कडेला पुलाचा बुटका कठडा होता. तो तिला दिसलाच नाही. गाडी त्यावर आदळली आणि आईच्या खांद्याचं हाड मोडलं.

दादा येईपर्यंत पाऊस थांबला होता आणि मी गार झालो होतो. त्याने आईला आपल्या गाडीत बसवलं. मग परत आला, चावी फिरवली आणि जमलेल्या लोकांसमोर मला खाली ओढलं. वायपर फिरले.

"चालतोय की," तो म्हणाला.

धाकटी भिजलेल्या कपड्यांत उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. पलीकडच्या गाडीतून आई कण्हत म्हणाली, "जाऊ दे रे. घाबरली असेल पोर."

दादाने चावी खिशात टाकली. तिने ती मागितली नाही.

चेपलेला पत्रा ठोकायला गाडी गॅरेजमध्ये गेली. तिथल्या तिरसट इलेक्ट्रिशियनला दादाने सहज म्हटलं, जरा वायपरचंही बघा. त्याने स्टिअरिंगखालचे स्क्रू काढले, मला बाहेर ओढलं आणि उघडलं.

"हे बघा, सगळं काळं पडलंय. तापला की सोडत असणार. पावसात मध्येच बंद पडायचा का?"

दादाने काळवंडलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बहीण चालवायची."

"मग तिला कळलं असेल. असा नवीन आता मिळत नाही. साफ करून देतो."

त्याने बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या घासल्या, वाकलेली पट्टी सरळ केली, नवं ग्रीस लावलं. काचेवर पाण्याचा पाइप सोडून त्याने वायपर खूप वेळ चालू ठेवले. मी थांबलो नाही. एका चहाच्या वेळात होणारं काम होतं. मला वाटलं, आता दादा घरी जाऊन तिला सांगेल.

आईच्या खांद्याचा पट्टा काढायला तिघं याच गाडीतून गेली. दादा चालवत होता, धाकटी मागे. आईने विचारलं, "तू व्यायाम करून घ्यायचीस ते आजोबा गं, खिडकीपर्यंत चालायला लागले होते, ते कसे आहेत?"

"माहीत नाही, आई. तिकडे बस जात नाही."

वाटेत पाऊस लागला. लांबवर मी न चुकता चाललो.

"दुरुस्त केलास वाटतं," आई म्हणाली.

"काही झालंच नव्हतं त्याला. जरा साफसूफ करून घेतला."

धाकटी बाहेर बघत होती. तशीच ती म्हणाली, "माझाच हात जड असेल."

दादाने मला आणखी एक खटका खाली ओढलं.

मित्रांनो, मला पुसत जा, जपत जा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण घरातलं कुणी एखादी वस्तू दगा देते म्हणालं, तर दारातल्या दारात एकदा हात लावून त्या माणसाला खोटं पाडू नका. त्याच्या शेजारी बसा, तो जातो तितकं लांब जा. आणि त्याचंच खरं होतं हे पुढे कधी कळलं, तर जाऊन सांगा. हे मी तुम्हाला सांगतो आहे, कारण धाकटीला माझं बोलणं ऐकू येत नाही. दादाचं येतं.