नांदली म्हणून

दोन हजार सातची गोष्ट. खारबावला केसरीनाथच्या शेतात गोदामाचा पाया खणताना एका बाईचा सांगाडा निघाला. फार जुना, हाताच्या हाडात शंखाच्या बांगड्या. केसरीनाथने तिथल्या तिथे नारळ फोडला आणि सांगून टाकलं, ही आमची मूळमाय, आमचं घराणं इथलं किती जुनं ते बघा आता. मंडप काय, झेंडूच्या माळा काय, विचारू नका! रोजचा दिवा मात्र कुणी लावायचा? तर पार्वतीने.

पार्वती म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची विधवा. पोटी मूल नाही. लग्न होऊन आल्यापासून घरात तिला कुणी नावाने हाक मारली नाही, अकलोलीची म्हणून ती कायम ‘अकलोलीवाली’. भावाचं वर्षश्राद्ध उरकलं तसं केसरीनाथने तिला सुनावलं, "दिवाली झाली का खोली मोकली कर. भावाकडं जा. हितं तुजं कोन हाय?" राब राब राबली त्या घरात, आणि हे ऐकायचं.

पुण्याहून जुन्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या मेघाली मॅडम आल्या. त्यांनी सांगाड्याचा एक दात आणि बरगडीचा तुकडा तपासायला घेतला, ताडून बघायला गावातल्या विहिरींचं पाणीही भरून घेतलं. पार्वतीने दिव्यात तेल घालता घालता विचारलं, यातून काय कळनार?

"लहानपणी जिथलं खाल्लं-प्यायलं, तिथली खूण दातात राहते, ती पुढे बदलत नाही," मॅडम म्हणाल्या. "हाड मात्र जन्मभर थोडं थोडं नवं होत राहतं. त्यात राहत्या गावाची खूण उतरते."

पार्वतीच्या मनाने उभारी धरली. भावजी माझं ऐकत नाहीत, पण मूळमायही माझ्यासारखी बाहेरून आलेली निघाली तर निदान तिचं तरी ऐकतील, असं त्या वेडीला वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर मॅडम निकाल घेऊन आल्या. बाईचं लहानपण दूर कुठेतरी गेलेलं होतं, दात इथला नव्हता. बरगडी मात्र इथलीच. म्हणजे बाहेरून आली आणि मरेपर्यंत बरीच वर्षं इथेच राहिली.

"म्हंजे नांदली ती हितं," पार्वती बोलून गेली. मोठ्या दिरासमोर ती असं कधी बोलली नव्हती.

केसरीनाथ तिच्याकडे बघून म्हणाला, "नांदली म्हनून काय आपली झाली? दात भायेरचा हाय. मॅडम, उचला ही हाडं. आमाला नकोत."

दुपारपर्यंत मंडप उतरला. काल त्या हाडांपुढे लोटांगण घालणारी माणसं आज माळा उकिरड्यावर टाकत होती. हाडं कागदात गुंडाळून पेटीत घातली, पेटी जीपमध्ये चढली. दिवाळी व्हायचीही वाट न बघता पार्वतीची ट्रंकही कुणीतरी ओट्यावर आणून ठेवली होती. मॅडमना वाईट वाटलं. म्हणाल्या, "चला, अकलोलीला सोडते तुम्हाला."

पार्वतीने सकाळीच माहेरी फोन लावला होता. भावजयीने उचलला आणि आत हाक मारली, "अवो, खारबाववालीचा फोन हाय." भाऊ काही फोनवर आलाच नाही.

ती जीपमध्ये पेटीला टेकून बसली.

"अकलोली नको," ती म्हणाली. "हिला जिथं ठेवाल, तिथंच मलापन ठेवा."